साडेतीन युरोची लाल वाईन आपल्या जेवणात कशाबरोबर जमते?

माईनकाठची (रविवार, रात्री ९.४०)

मंडळी, मदत हवी आहे आणि येत्या शनिवारच्या आत हवी आहे.

फ्रँकफुर्टला येऊन दोन वर्षं झाली. इथल्या सुपरमार्केटात पीठ-साखरेच्या पलीकडच्याच रांगेत वाईन मांडलेली असते आणि त्यातल्या कितीतरी बाटल्या पाच युरोंच्या आतल्या. परवा ३.४९ युरोला डॉर्नफेल्डर नावाची लाल वाईन आणली. लेबलावर खाली 'राईनहेसन' आणि 'ट्रोकन' असं लिहिलेलं. घरी मटणाचा तांबडा रस्सा होता, माहेरून आलेल्या कांदा-लसूण मसाल्याचा. लाल मांसाला लाल वाईन, हे सगळीकडे वाचलेलं.

पहिला घास, पहिला घोट, आणि जीभ पेटली. रस्सा नेहमीपेक्षा दुप्पट तिखट लागला आणि वाईन म्हणजे तीनदा उकळलेल्या चहाचा चोथा. नवऱ्याने पेला बाजूला सारून ताक मागितलं.

दुसऱ्या दिवशी तीच उरलेली बाटली नुसत्या ब्रेड-चीजबरोबर घेतली, तर वाईन वेगळीच! पेला उजेडात धरला तर मधे जवळजवळ काळा, कडेला जांभळा. वास पिकलेल्या करवंदांचा. चव आंबटसर, मागून हलकी तुरट, जांभूळ खाल्ल्यावर जीभ होते तशी. दातही तसेच रंगले.

शनिवारी सहा जण जेवायला आहेत. दोघं शाकाहारी, एक जण गाडी चालवणार. जेवण आपलंच करायचंय आणि वाईन हीच, किंवा याच किमतीची. पाच युरोंच्या वर जायचं नाही, तेव्हा 'जरा बरी बाटली घे' हा सल्ला कृपया नको. आपल्या कुठल्या पदार्थांबरोबर तुम्हाला अशी वाईन खरंच आवडली?

रस्सेदार

तांबड्या रश्श्याबरोबर पांढरा रस्सा पितात. नवरोबांनी ताक मागितलं म्हणजे माणूस योग्य वळणावर आहे. :)

गोदाकाठ

रस्सेदार, हसलो. पण प्रश्न चांगला आहे, म्हणून सविस्तर लिहितो. नाशिकला एका वायनरीच्या टेस्टिंग रूममध्ये सहा वर्षं काम केलंय, हाच प्रसंग रोज बघायचो.

दोष वाईनचा नाही आणि रश्श्याचाही नाही. द्राक्षाच्या सालीत आणि बियांत टॅनिन असतं. लाळेतल्या प्रथिनांना ते धरतं, लाळेचा ओशटपणा जातो आणि तोंड कोरडं पडतं. आपण ज्याला तुरट म्हणतो ते हेच. कच्चं केळं, सुपारी, आवळा, सगळे त्याच घरचे. आता मिरचीचं बघा. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या ज्या ग्राहींना चाळवतं, ते मुळात उष्णता ओळखणारे. अल्कोहोलही त्यांनाच चाळवतो. म्हणजे तुमच्या जिभेवर आधीच जाळ होता, त्यावर तेल पडलं. वर टॅनिनने कोरड आणली.

चीजबरोबर उलट झालं. टॅनिनला धरायला चीजमधली प्रथिनं मिळाली, लाळ सुटली. वर चीजच्या मिठानेही वाईनचा कडवटपणा दबतो. म्हणून करवंद दिसलं.

तेव्हा शनिवारसाठी माझं म्हणणं एवढंच: मांस आहे की भाजी, हे बघू नका. तिखट किती, आंबट किती, स्निग्ध किती, ते बघा. तिखट कमी, स्निग्ध भरपूर. आंबट वाईनपेक्षा जास्त नको, नाहीतर वाईन पाणचट लागते.

आणि बाटली फ्रिजमध्ये ठेवा, पाऊण तास तरी. 'लाल वाईन खोलीच्या तापमानाला' हे वाक्य हीटर नसलेल्या जुन्या घरांमधलं. तुमच्या हिवाळ्यातल्या घरात बावीस-तेवीस अंश असतील, तिथे स्वस्त वाईनचा दारूचा वास तेवढा वर येतो. चौदा-पंधरा अंशांना तीच वाईन फळासारखी लागते.

ऱ्हाईनवासी_अमोल

गोदाकाठ, सुरेख प्रतिसाद. मी लुडविग्जहाफेनला, म्हणजे फाल्त्समध्ये, डॉर्नफेल्डरच्या अंगणातच राहतो. लेबलाबद्दल मी सांगतो.

ही द्राक्षाची जात फार जुनी नाही. आउगुस्ट हेरोल्ड यांनी वाईन्सबेर्गच्या संस्थेत १९५५ साली दोन जातींचा संकर करून ती केली. गंमत अशी की ते दोन्ही आईबाप त्यांनीच आधी तयार केलेले संकर होते. जर्मनीतल्या लाल वाईन रंगाला फिक्या, त्यांना रंग देण्यासाठी मिसळायला हे द्राक्ष हवं होतं. पुढे लोकांना ते नुसतंच आवडायला लागलं. आज जर्मनीत लाल द्राक्षांत श्पेटबुर्गुंडरनंतर (म्हणजे पिनो न्वारनंतर) लागवड याचीच, आणि तीही मुख्यतः राईनहेसन आणि फाल्त्स या प्रदेशांमध्ये. वेलाला माल भरपूर लागतो, म्हणून स्वस्त.

स्वस्त असण्याचं आणखी एक कारण. जर्मनीत साध्या वाईनवर वेगळा मद्यकर शून्य आहे. फेसाळणाऱ्या सेक्टवर मात्र बाटलीमागे १.०२ युरो. तो कर १९०२ साली कैसरच्या, म्हणजे जर्मन सम्राटाच्या, आरमारासाठी लावला. आरमार बुडालं, कर अजून तरंगतोय.

आता कामाचं. 'ट्रोकन' म्हणजे कोरडी, लिटरला जास्तीत जास्त ९ ग्रॅम साखर. 'हाल्बट्रोकन' म्हणजे साधारण १८ ग्रॅमपर्यंत. 'लिब्लिश' ४५ पर्यंत. डॉर्नफेल्डर तिन्ही प्रकारांत मिळते आणि बाटल्या शेजारीशेजारी असतात, अगदी एकसारख्या दिसतात. आपल्या जेवणाला हाल्बट्रोकन घ्या. ती थोडीशी साखर मिरचीला आवरते.

आणखी एक खूण: 'गुट्सआबफ्युलुंग' किंवा 'एर्त्सॉयगरआबफ्युलुंग' लिहिलेलं असेल तर ज्याने द्राक्षं पिकवली त्यानेच बाटली भरली (दुसऱ्या शब्दाच्या बाबतीत कधी त्याच्या सहकारी संस्थेने). चार-साडेचार युरोंना अशीही सापडते. मी तीच उचलतो.

कडूकारले

हाल्बट्रोकनला माझा विरोध नोंदवून घ्या. जेवणात गोड वाईन म्हणजे आमटीत ज्यादा गूळ. पहिला पेला बरा वाटतो, दुसऱ्याला नकोसं होतं.

माझा अनुभव सांगतो. ट्रोकनच घ्या, फक्त मटण सुकं करा. लाल तिखट अर्धा चमचा आणि तेही ब्याडगी, रंगापुरतं. तिखटपणा काळ्या मिरीचा येऊ द्या. कांदा-खोबरं नीट काळपट भाजायचं. भाजलेल्या खोबऱ्याचा तो किंचित कडू खमंगपणा आणि कोरड्या वाईनचा तुरटपणा एका जातीचे आहेत. मी हे दहा वर्षं खातोय.

गोदाकाठ

@कडूकारले, मिरीचं अगदी खरं. मिरीतलं पायपरिन मिरचीइतकं टिकून जळत नाही. पण पाहुणे सहा आहेत, सगळ्यांच्या जिभा सारख्या नसतात. दोन्ही बाटल्या ठेवाव्यात.

पर्वतीपायथा

पुण्याहून हेव्याने वाचतेय. आमच्याकडे जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाईन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, मग दोन्ही बाजूंनी रान उठलं, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला आणि आमच्या कोपऱ्यावरच्या मॉलमध्ये आजही त्या जागी कोल्ड्रिंकच आहे. वाईन शॉपच्या जाळीपुढे उभं राहून 'जरा लेबल दाखवता का' म्हणायला नको वाटतं हो. मागे चार जण नोटा धरून उभे असतात. एकदा धीर करून विचारलं, तर दुकानदार म्हणाला, 'मॅडम, लाल हवी का पांढरी?' तेवढंच.

विठूचा_टाळ

तो निर्णय अडला ते बरंच झालं, असं माझं स्पष्ट मत आहे. आज वाईन, उद्या आणखी काही. किराण्याच्या पिशवीत बाटली आली की घरातल्या पोरांना ती तेलाच्या पिशवीइतकीच साधी वाटणार. माझ्या गावात दारूने गेलेली घरं मी मोजून दाखवू शकतो.

पर्वतीपायथा

विठूचा_टाळ, तुमची काळजी मी खोडत नाही. माझ्या मामाचं घरही त्यातलंच. पण जो माणूस जेवताना एक पेला घेतो, त्याला अंधाऱ्या जाळीपुढे उभं केल्याने ती घरं वाचली का? द्राक्षबागायतदारांचाही प्रश्न आहेच.

संपादक_मंडळ

दोन्ही बाजू महत्त्वाच्या आहेत. त्यासाठी वेगळा धागा काढावा, इथे जेवणावर राहू या.

मांडवीपार

गोव्याहून. आमच्याकडे पोर्ट वाईन म्हणून जी लाल, गोड वाईन मिळते, तिला वाईनवाले नाकं मुरडतात. पण नाताळात सोरपोतेलबरोबर घेऊन बघा. सोरपोतेल तिखट आणि व्हिनेगरने आंबट, शिवाय डुकराच्या चरबीचं. ती गोडी तिखटाला बरोबर धरून ठेवते. आमची आजी चौरीस-पावाबरोबर (चौरीस म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज) अर्धा पेला घ्यायची आणि म्हणायची, 'हें वखद', हे औषध. म्हणजे ऱ्हाईनवासींच्या हाल्बट्रोकनला माझं अनुमोदन.

आणि वाईन आपल्या स्वयंपाकात नवी आहे असं समजू नका. विंदालू हे नाव पोर्तुगीज 'व्हिन्या द आल्योश'वरून आलं. वाईन आणि लसूण यांत मांस मुरवायचं. आपल्याकडे येऊन वाईनच्या जागी माडीचं व्हिनेगर आलं आणि मिरच्या आल्या.

कडूकारले

सोरपोतेलपुढे माझा नाइलाज. तिथे गोड चालेल.

चुलीवरची_वांगी

शाकाहाऱ्यांचं कोणी बोलतच नाहीये! मी बंगळुरूला असते, शुद्ध शाकाहारी, वाईन महिन्यातून दोनदा. माझी यादी नाही, माझा एकच आग्रह: वांग्याचं भरीत.

वांगं थेट जाळावर, साल पूर्ण काळी होईपर्यंत. गॅसची शेगडी नसेल तर ओव्हनच्या ग्रिलखाली सर्वांत वरच्या खणात, अर्धं झालं की उलटायचं. मग सोलून हाताने मोडायचं, मिक्सर नाही. हिरवी मिरची वगळायची, हा मोठा त्याग आहे पण करायचा. फोडणीत लसूण लालसर, कांद्याची पात आणि शेवटी भरड शेंगदाण्याचा कूट दोन चमचे. धुराचा वास आणि लाल वाईन ही जोडी मला मटणवाल्यांपेक्षा सरस वाटते. दही घालू नका, आंबट झालं की वाईन मरते.

दुसरं थालीपीठ. भाजणी घरची असेल तर तिच्यातच निम्मी चव आहे. वर लोण्याचा गोळा. मुंबईच्या एका मैत्रिणीने लोण्याऐवजी लिंबाचं लोणचं वाढलं होतं, तिथे वाईनला काही वावच उरला नाही.

बोंबील_फ्राय

सुरमईचं काय? पाहुण्यांना मासे आवडत असतील तर?

गोदाकाठ

लाल वाईनबरोबर मासा टाळा. वाईनमध्ये लोहाचा अंश असतो, तो माशातल्या तेलाशी भिडला की तोंडात वशाट, पत्र्यासारखी चव राहते. जपानी संशोधकांनी २००९ मध्ये शिंपल्यांवर वेगवेगळ्या वाईन चाखून लोहाचं हे कारण दाखवलं. बांगड्यासारख्या तेलकट माशाबरोबर तर विचारूच नका. लोह सगळ्या वाईनमध्ये सारखं नसतं, त्यामुळे एखाद्याला जमलंही असेल. पण पाहुणे आलेल्या दिवशी परीक्षा कशाला?

बोंबील_फ्राय

कळलं. आम्ही सोलकढीवर खूश.

निद्रिस्त_नळी

एक भाबडा प्रश्न. लाल वाईनच्या एका पेल्यानेच माझं डोकं दुखतं. लेबलावर सल्फाइट लिहिलेलं असतं, ते कारण का?

डॉ_भटकंती

बहुधा नाही. पांढऱ्या वाईनमध्ये सल्फाइट सहसा लालपेक्षा जास्त असतं. युरोपात कोरड्या लालला लिटरमागे १५० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, पांढरीला २००. मनुका-जर्दाळू खाऊन त्रास होत नसेल तर सल्फाइटवर संशय नको. (सोनेरी जर्दाळूत ते भरपूर असतं.) कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाच्या लोकांनी २०२३ मध्ये एक तर्क मांडलाय. द्राक्षाच्या सालीतलं क्वेर्सेटिन शरीरात गेल्यावर जे रूप घेतं, ते अल्कोहोल मोडणाऱ्या एका विकराला अडवतं, असा. माणसांवर अजून तपासायचंय. तुमच्यापुरतं म्हणाल तर, एका पेल्याने दुखत असेल तर घेऊ नका. त्याला औषध शोधू नका.

उत्तरेचा_वारा

अवांतर, पण राहवत नाही. माईनकाठची, शरदात सुपरमार्केटात 'फेडरवायसर' येते, अर्धवट आंबलेली, गढूळ, गोडसर वाईन. बाटलीचं झाकण मुद्दाम सैल असतं, आत आंबणं चालूच असतं. घरी उभीच न्या. मी पहिल्या वर्षी ऑफिसच्या बॅगेत आडवी टाकली आणि लॅपटॉपसकट सगळी बॅग आंबूस झाली.

जर्मन लोक ती कांद्याच्या केकबरोबर, त्स्वीबेलकूखनबरोबर खातात. ते बघून मी कांदाभजी केली. तेव्हापासून हांबुर्गच्या आमच्या मंडळात कोजागिरीला मसाला दूध आणि त्याच्या आधीच्या आठवड्यात फेडरवायसर-भजी, हा रिवाज पडलाय. लाल रंगाचीही मिळते.

ऱ्हाईनवासी_अमोल

+१ भज्यांना. आणि गाडी चालवणाऱ्या पाहुण्यासाठी लाल द्राक्षाचा रस, ट्राउबेनझाफ्ट, बुडबुड्यांच्या पाण्यात निम्मानिम्मा. वाईनच्याच पेल्यात द्या, म्हणजे तो एकटा पडत नाही.

माईनकाठची (पुढचा रविवार, दुपारी १२.१५)

सगळ्यांचे मनापासून आभार. भांडी घासून झाली, आता लिहिते.

दोन बाटल्या आणल्या. ट्रोकन तीच, ३.४९ ची. हाल्बट्रोकन २.९९. दोन्ही पाऊण तास फ्रिजच्या दारात. शेजारच्या जर्मन आजींनाही बोलावलं, त्यांचा जन्म राईनहेसनमधल्याच खेड्यातला. पेल्याला हात लावून त्यांनी मान डोलावली, 'थंड आहे, छान.' गोदाकाठकाका, ही मान तुमची.

मटण सुकं कडूकारलेंच्या पद्धतीने केलं. खोबरं मी एरवी तांबूस भाजते, या वेळी हिंमत करून पार काळपट होऊ दिलं, धूर व्हायला लागला तेव्हा उतरवलं. ट्रोकनबरोबर ते खरोखर जमलं. चोथ्याची चव कुठल्या कुठे गेली. घास गिळल्यावर घोट घेतला की तोंड स्वच्छ होई आणि पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागे. नवऱ्याने ताक मागितलं नाही!

पण संध्याकाळ जिंकली भरताने. वांगी ग्रिलखाली काळी केली, धुराच्या अलार्मवर शॉवर कॅप चढवावी लागली. मिरची घातली नाही, फक्त लसूण, पात, कूट. दोघा शाकाहारी पाहुण्यांसाठी केलेलं भरीत मांसाहाऱ्यांनीच संपवलं. ट्रोकनच्या मागे जो थोडा कडवटपणा येतो, तो वांग्याच्या जळकट वासात असा मिसळला की वाईनमध्येच धूर आहे असं वाटावं. चुलीवरची_वांगी, तुमचा आग्रह मी आता पुढे चालवणार.

थालीपीठ-लोणी हाल्बट्रोकनबरोबर आवडलं. कडूकारले, माफ करा, पण भाजणीतले धणे आणि ती थोडीशी गोडी यांचं सूत जुळतं. लसणीचं तिखट मधे ठेवलं होतं, ते लावून घेणाऱ्यांनाही हाल्बट्रोकनच सुसह्य वाटली.

फसलं ते दोन ठिकाणी. कोथिंबीर वडीवर सवयीने लिंबू पिळलं आणि वाईन पाण्यासारखी झाली, दोन्ही. शेवटी पुरणपोळी होती. तिच्याबरोबर उरलेला घोट घेतला तर हाल्बट्रोकनसुद्धा आंबट ढाण. पक्वान्न वाईनपेक्षा गोड असलं की असं होतं, हे आजींनी सांगितलं. त्यांनी पोळी आधी संपवली, पाणी प्यायल्या, मग वाईन घेतली.

गाडीवाल्या पाहुण्याला द्राक्षरस वाईनच्या पेल्यात दिला. त्याच्या बायकोने दोनदा वास घेऊन खात्री केली.

कडूकारले

माफी कसली! पुढच्या वेळी थालीपिठाबरोबर घेऊन बघतो. खोबरं काळपट भाजलंत हे वाचून पोट भरलं.

चुलीवरची_वांगी

शॉवर कॅप!! आनंद झाला.

पर्वतीपायथा

आज त्या जाळीपुढे उभी राहिले आणि लेबल मागितलंच. नाशिकची शिराझ. रात्री भरीत आहे.

माईनकाठची

ट्रोकन अर्धी उरली आहे. किती दिवस टिकते? इथे वाईनच्या बाटलीला सहसा डिपॉझिट नसतं, काचेच्या हिरव्या डब्यात टाकायची, पण भरलेली टाकवत नाही.

गोदाकाठ

झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये, उभी. तीन-चार दिवस चांगली राहील. लहान बाटलीत काठोकाठ भरून ठेवलीत तर हवा कमी लागेल, आणखी एखादा दिवस मिळेल. त्यानंतर स्वयंपाकात.

माईनकाठची

आजींनी त्याचाही उपाय दिला. रोटवाइनकूखन, लाल वाईनचा केक. २५० ग्रॅम लोणी, तेवढीच साखर, तेवढाच मैदा, चार अंडी, बेकिंग पावडर, चमचाभर कोको, चमचाभर दालचिनी, किसलेलं चॉकलेट १५० ग्रॅम आणि १२५ मिली वाईन. १८० अंशांना तासभर. म्हणाल्या, यासाठी महाग वाईन घेणाऱ्याला त्यांच्या आईने घराबाहेर काढलं असतं. मी साखर २०० च घेतली. घरभर दालचिनीचा वास सुटलाय, अजून वीस मिनिटं आहेत.

निद्रिस्त_नळी

अंड्याशिवाय होईल का?

चुलीवरची_वांगी

हेच विचारायला आले होते.

माईनकाठची

आजींना विचारून सांगते. दार वाजवलंय.